हातचा न येणारा गुणाकार

१११११११११ या संख्येला तिनंच गुणलं की उत्तर येतं १२३४५६७८९८७६५४३२१. पनवेलच्या माझ्या क्लासमध्ये हा गुणाकार मी मुलांना कॅल्क्युलेटर बाजूला ठेवून, चौकटीच्या वहीत करायला लावते. नऊ ओळी, प्रत्येक ओळीत नऊ एक, आणि प्रत्येक ओळ वरच्या ओळीपेक्षा एक घर डावीकडे सरकलेली. बेरीज घ्यायला लागलं की उजवीकडच्या पहिल्या रकान्यात एकच एक सापडतो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, असं नवव्या रकान्यापर्यंत. तिथे नवाच्या नऊ ओळी हजर असतात. त्यापुढे वरच्या ओळी एकेक करून संपत जातात आणि बेरीज आठ, सात, सहा अशी उतरत पुन्हा एकावर येते. एवढ्या मोठ्या बेरजेत हातचा एकदाही घ्यावा लागत नाही, कारण कुठल्याच रकान्यात बेरीज नवाच्या वर जात नाही. आणखी एक एक लावला असता तर मधल्या रकान्यात दहा झाले असते आणि सगळी घडी मोडली असती. ती कशी मोडते ते पुढे येईलच.

या संख्येला गणितात ‘वंडरफुल डेम्लो नंबर’ म्हणतात. १, १२१, १२३२१, १२३४३२१ या तिच्या धाकट्या बहिणी. त्यांच्यातही तोच चढ आणि तोच उतार. डेम्लो हा कुणी परदेशी गणिती नव्हे. मुंबईपासून तीस मैलांवर, त्या वेळच्या जी. आय. पी. रेल्वेवर डेम्लो नावाचं स्टेशन होतं, तेच आजचं डोंबिवली. आम्हाला पनवेलहून दिव्याला उतरलं की कोपर, मग डोंबिवली. रोज लाखो माणसं ज्या फलाटावर गाडीची वाट पाहतात, त्या फलाटाचं नाव गणिताच्या जगात कायमचं नोंदलेलं आहे. ते तिथे नेलं दत्तात्रय रामचंद्र कापरेकर या मराठी शाळामास्तरांनी.

कापरेकरांबद्दल लिहिणारे बहुतेकदा ६१७४ या त्यांच्या प्रसिद्ध संख्येवर (ती पुढे येईलच) थांबतात, आणि कापरेकर म्हणजे एकट्यानं आकड्यांशी खेळणारा एक विक्षिप्त प्रतिभावंत असं चित्र उभं करतात. मला ते पटत नाही. ही डेम्लो संख्या घेऊन बसलं की दिसतं, कापरेकर ज्या जमिनीत उगवले ती आपल्याकडे फार जुनी आणि चांगली कसलेली होती.

आधी ही संख्या वाचायची कशी ते पाहू. तिच्यात सतरा आकडे आहेत. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये लिहिलेल्या ‘लीलावती’त एकं, दहं पासून परार्धापर्यंत अठरा स्थानांची नावं दिली आहेत. त्या नावांनी आपली संख्या अशी वाचता येते: एक मध्य, दोन अंत्य, तीन जलधी, चार शंकू, पाच महापद्म, सहा निखर्व, सात खर्व, आठ अब्ज, नऊ अर्बुद, आठ कोटी, सात प्रयुत, सहा लक्ष, पाच अयुत, चार सहस्र, तीन शत, दोन दश आणि एक. नऊचा आकडा बरोबर अर्बुदावर, म्हणजे आपल्या दहा कोटींच्या घरात. सबंध संख्या परार्धाच्या एक घर अलीकडे संपते. भास्कराचार्यांच्या नावांत ती पुरती मावते. दहा एकांचा वर्ग केला तर एकोणीस आकडे होतात आणि परार्ध ओलांडला जातो. चाळीसगावजवळच्या पाटण इथे शके ११२८ चा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानं आजोबांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी तिथे मठ चालवल्याचं त्यात कोरलेलं आहे. गणित शिकवण्यासाठी दिलेल्या दानाची नोंद दगडावर करणारा हा आपला मुलूख आहे, हे शिकवताना माझ्या मनात नेहमी असतं.

भास्कराचार्यांच्याही तीनशे वर्षं आधी, साधारण ८५० च्या सुमारास, राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात महावीराचार्य नावाचे जैन गणिती होऊन गेले. तेव्हा आजचा महाराष्ट्र राष्ट्रकूटांच्याच राज्यात होता. महावीराचार्यांच्या ‘गणितसारसंग्रहा’त असे काही गुणाकार मुद्दाम दिले आहेत की ज्यांचं उत्तर गळ्यातल्या हारासारखं दोन्ही बाजूंनी सारखं यावं. त्यांतलं एक उत्तर १२३४५६५४३२१ आहे. एकापासून सहापर्यंत चढून क्रमानं उतरणारी संख्या, असंच तिचं वर्णन ते करतात. २७९९४६८१ ला ४४१ नं गुणा, ती येते. सहा एकांचा वर्ग केला तरी तीच येते. म्हणजे डेम्लो संख्यांच्या मालिकेतली सहावी संख्या आपल्या पूर्वजांना हजार वर्षांपूर्वी माहीत होती, आणि ती त्यांनी हौसेनं जपली होती. हिशेबाला तिचा काही उपयोग नव्हता. ती सुंदर होती, एवढं कारण त्यांना पुरलं.

मात्र हौसेचं हे गणित कापरेकरांपर्यंत ग्रंथांतून आलं असेल असं मला वाटत नाही. ते बाजारातून आणि शाळेतून आलं असावं. त्यासाठी पनवेलकडे बघावं लागेल.

१८३० मध्ये बोरघाटातून गाडीरस्ता झाला तेव्हा मुंबई-पुण्याच्या मधलं मोठं नाकं पनवेल होतं. मुंबईहून पडावानं खाडीतून पनवेल बंदराला यायचं, इथून घाट चढायचा. मग जी. आय. पी. रेल्वे कल्याण-कर्जतवरून घाटात शिरली आणि पनवेल बाजूला पडलं. डोंबिवलीला गाडी थांबू लागली तरी पनवेलला स्टेशन मिळायला १९६० चं दशक उजाडलं. पण भाताचा व्यापार टिकला. आसपासच्या खाड्यांकाठची खाचरं, तांदूळ सडणाऱ्या गिरण्या, बैलगाड्यांची रांग, आणि या सगळ्याचा हिशेब लिहिणारे दिवाणजी. माझे आजोबा असेच एका भातगिरणीत दिवाणजी होते.

तो हिशेब आज कुणाला झेपणार नाही. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, पैशाच्या तीन पै. चाळीस शेरांचा मण, वीस मणांची खंडी. साडेतीन रुपये भावानं सात मण म्हणजे किती? आजोबांना औटकी पाठ होती, त्यामुळे साडेचोवीस, म्हणजे चोवीस रुपये आठ आणे, हे उत्तर विचारणाऱ्याचं बोलणं संपायच्या आत यायचं. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी असे अपूर्णांकांचे पाढे मराठी शाळांत घोकून घेतले जात. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली आणि या पाढ्यांची गरज हळूहळू संपली. गरज संपली ते ठीकच झालं. पण त्या घोकंपट्टीबरोबर आकड्यांची जी अंगवळणी पडलेली ओळख होती तीही गेली, याची मला शिक्षिका म्हणून रोज हळहळ वाटते.

पाढ्यांपेक्षाही मोठी शिदोरी म्हणजे नवाचा ताळा. गुणाकार बरोबर आला का, हे तपासायची ही रीत. २४८ गुणिले ३७ बरोबर ९१७६ असं खतावणीत लिहिलं असेल, तर कागदाच्या कडेला एक फुली मारायची. २४८ च्या आकड्यांची बेरीज चौदा, चौदाचे पुन्हा पाच. हे फुलीच्या एका घरात. ३७ चे दहा, दहाचा एक. तो समोरच्या घरात. पाच गुणिले एक, पाच. हा वरच्या घरात. ९१७६ चे तेवीस, तेवीसचे पाच. हा खालच्या घरात. वरचा आणि खालचा जुळला की ताळा जमला. आजोबांच्या वह्यांच्या समासात अशा फुल्यांच्या रांगा आहेत. ताळ्याची मर्यादाही त्यांना ठाऊक होती. ९१७६ च्या जागी घाईत ९१६७ लिहिलं तर आकड्यांची बेरीज तीच राहते आणि चूक निसटते. म्हणून मोठ्या रकमेला ते अकराचा ताळाही घेत.

नवाच्या ताळ्यामागचं कारण सोपं आहे. दहा, शंभर, हजार यांना नवानं भागलं की बाकी एकच उरते, म्हणून कुठल्याही संख्येला नवानं भागून जी बाकी उरते तीच तिच्या आकड्यांच्या बेरजेला भागूनही उरते. संख्येच्या पोटातले आकडे बेरजेनं जोडावे आणि त्या बेरजेचं मूळ संख्येशी काय नातं आहे ते बघावं, ही सवय या मुलखातल्या प्रत्येक शाळकरी पोराला होती. कापरेकरांनी त्या सवयीतून शोध उभे केले.

त्यांचा जन्म १९०५ चा, डहाणूचा. शिक्षण ठाण्याला, मग पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात. १९२७ मध्ये स्वतंत्र गणिती कामासाठी त्यांना रँग्लर परांजपे पारितोषिक मिळालं. १९२९ मध्ये ते पदवीधर झाले आणि १९३० पासून १९६२ पर्यंत नाशिकजवळच्या देवळालीत शाळेत शिकवत राहिले. एम. ए. नाही, डॉक्टरेट नाही, विद्यापीठाची खुर्ची नाही. डेम्लो स्टेशनवर सुचलेल्या संख्यांवरचा त्यांचा लेख १९३८ मध्ये ‘मॅथेमॅटिक्स स्टुडंट’ या नियतकालिकात आला. पुढच्या वर्षी सहलेखक गुंजीकर यांच्याबरोबर लिहिलेला ‘थिअरी ऑफ डेम्लो नंबर्स’ हा निबंध मुंबई विद्यापीठाच्या नियतकालिकात आला. १९४८ मध्ये ‘डेम्लो नंबर्स’ ही पुस्तिका त्यांनी देवळालीहून प्रसिद्ध केली. गणिताच्या परिषदांना ते पदरमोड करून जात. निवृत्तीनंतर पेन्शन पुरेना म्हणून शिकवण्या घेत. देशातल्या पुष्कळ गणितज्ञांना त्यांचं काम पोरखेळ वाटायचं. गणितावर लिहिणारे मार्टिन गार्डनर यांनी मार्च १९७५ च्या ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये त्यांच्यावर लिहिलं तेव्हा जगाचं लक्ष गेलं, कापरेकर तेव्हा सत्तरीत होते.

डेम्लो संख्येची त्यांची व्याख्या अशी. संख्येचे तीन तुकडे करा. मधल्या तुकड्यात एकच आकडा एकदा किंवा पुन्हा पुन्हा यायला हवा, आणि डाव्या-उजव्या तुकड्यांच्या बेरजेतही तोच आकडा यायला हवा. १६५ घ्या, एक आणि पाच मिळून सहा, मध्ये सहा. ४७७७३ घ्या, चार आणि तीन सात, मध्ये सातच सात. आपल्या मोठ्या संख्येला हे लावलं तर डावीकडे १२३४५६७८, मध्ये ९, उजवीकडे ८७६५४३२१. बाजूंची बेरीज ९९९९९९९९. आठही आकडे नऊ.

मग माझ्या मनात आलं की कापरेकरांनी पुढच्या आयुष्यात संख्यांच्या ज्या-ज्या कसोट्या काढल्या त्या सगळ्या त्यांच्या या पहिल्या लाडक्या संख्येला लावून बघाव्यात. ज्यांना वेळ आहे त्यांनी पेन्सिल घेऊन हे स्वतः करावं.

पहिली कसोटी हर्षद संख्येची. आपल्याच आकड्यांच्या बेरजेनं जिला निःशेष भाग जातो तिला कापरेकरांनी हर्षद म्हटलं. आपल्या संख्येच्या आकड्यांची बेरीज ८१. भाग जातो, आणि उत्तर येतं १५२४१५७८९९७१०४१, जो स्वतः १२३४५६७९ चा वर्ग आहे. १२३४५६७९ ला नवानं गुणलं की नऊ एक मिळतात, तेव्हा हे असंच व्हायला हवं. या सतरा आकडी संख्येला भागणाऱ्या मूळ संख्या फक्त तीन आहेत: ३, ३७ आणि ३३३६६७. भाजक एकूण ४५.

दुसरी कसोटी स्वयंभू संख्येची. एखाद्या संख्येत तिच्याच आकड्यांची बेरीज मिळवली की नवी संख्या जन्मते. २१ मध्ये तीन मिळवले की २४. जिला असा कुणी जनक नाही ती स्वयंभू, जशी २० किंवा ३१. आमची संख्या स्वयंभू निघेल अशी मला आशा होती, पण तिला जनक आहे. तो शोधायचा कसा, हे सांगण्यासारखं आहे. कुठल्याही संख्येत तिच्या आकड्यांची बेरीज मिळवली की नवाच्या हिशेबात ती दुप्पट होते. आमच्या संख्येचा ताळा नऊ, म्हणून जनकाचाही ताळा नऊच हवा, आणि त्याच्या आकड्यांची बेरीज नवाच्या पटीतली. सतरा आकड्यांची बेरीज १५३ च्या वर जात नाही, म्हणजे जनक आमच्या संख्येपेक्षा फार तर १५३ नं लहान. ३२१ मधून १५३ वजा केले तरी १६८ उरतात, त्यामुळे वजाबाकी शेवटच्या तीन आकड्यांतच आटोपते. पुढचे चौदा आकडे तसेच राहतात आणि त्यांची बेरीज ७५ असते. उरलेल्या तीन आकड्यांतून फार तर २७ मिळतील. म्हणजे बेरीज ८१, ९० किंवा ९९, एवढ्याच तीन शक्यता. ३२१ मधून ८१ वजा केले की २४०, बेरीज सहा, आणि ७५ अधिक ६ बरोबर ८१. जमलं. नव्वदाला २३१ उरतात, नव्याण्णवाला २२२, आणि दोन्हींची बेरीज सहाच येते, म्हणून ते जमत नाहीत. एकच जनक, १२३४५६७८९८७६५४२४०, आणि त्याच्याही आकड्यांची बेरीज लेकीइतकीच, ८१.

तिसरी ती प्रसिद्ध रीत. सगळेच सारखे नसलेले चार आकडे घ्या, उतरत्या क्रमातून चढता क्रम वजा करा, उत्तराला पुन्हा तेच करा. पनवेल नगरपालिका १८५२ मध्ये स्थापन झाली, तर तेच साल घेऊ. ८५२१ वजा १२५८ बरोबर ७२६३. मग ५२६५, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि ६१७४. तिथे पोचलं की पुढे ६१७४ च येत राहतात. असे कुठलेही चार आकडे घ्या, फार तर सात पायऱ्यांत तिथेच पोचतात. कापरेकरांनी हे १९४९ मध्ये मद्रासच्या परिषदेत मांडलं. आता आपल्या मोठ्या संख्येचा चढ वाचा, १२३४५६७८९. आणि शिखरावरचा नऊ पुन्हा धरून उतार वाचा, ९८७६५४३२१. उतारातून चढ वजा करा: ८६४१९७५३२. एक ते नऊ हे सगळे आकडे उत्तरात एकेकदा हजर आहेत. म्हणून पुन्हा क्रम लावून वजा केलं तरी तेच येणार. नऊ आकड्यांत ही संख्या ६१७४ सारखीच स्थिर आहे. प्रत्येक नऊ आकडी संख्या काही इथे येऊन थांबत नाही, तिथला प्रदेश चार आकड्यांपेक्षा गुंतागुंतीचा आहे. पण डेम्लोच्या दोन उतरणींमध्ये ती लपलेली होती, हे मला पहिल्यांदा दिसलं तेव्हा झोप लागली नाही.

शेवटची कसोटी त्यांचंच नाव लागलेल्या कापरेकर संख्यांची. ४५ चा वर्ग २०२५; २० आणि २५ मिळून पुन्हा ४५. असा वर्ग दुभंगून बेरजेला मूळ संख्या परत आली पाहिजे. नऊ एकांचा वर्ग दुभंगला, उजवीकडे नऊ आकडे ठेवले, तर १२३४५६७८ आणि ९८७६५४३२१ मिळून ९९९९९९९९९ होतात. मूळ संख्या येत नाही. तिची नऊपट येते.

आता तो दहावा एक लावू. मधल्या रकान्यात दहा होतात, हातचा येतो, तो पुढच्या नवात मिळून पुन्हा दहा होतात, पुन्हा हातचा. उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१. चढातला आठ गेला, मध्ये दोन शून्यं आली, दोन्ही बाजूंनी सारखं दिसणं संपलं. ही मोडलेली संख्या दुभंगा: १२३४५६७९० आणि ०९८७६५४३२१. बेरीज ११११११११११. दहा एक, जसेच्या तसे. घडी मोडते तिथे कापरेकर संख्या मिळते.

पुढे अकरा एक घेतले तर बेरजेत अकरा दोन येतात, बारा घेतले तर बारा तीन. मागे वळून पाहिलं तर दोन एकांचा वर्ग १२१, तो दुभंगून १ आणि २१ मिळून २२. तीन एकांचा १२ आणि ३२१ मिळून ३३३. जितके एक घ्याल त्या संख्येचा नवाचा ताळा काढा, तोच आकडा बेरजेत ओळीनं उभा राहतो. नऊला नऊ, दहाला एक, अकराला दोन. म्हणून कापरेकर संख्या पुन्हा मिळते ती एकोणीस एकांना, त्यानंतर अठ्ठावीसांना. एकोणीस एकांचा वर्ग सदतीस आकडी असतो, तो चौकटीच्या वहीच्या एका पानावर आडवा बसतो, आणि या वर्षी माझ्या क्लासमधल्या दोन मुलींनी तो हातचे सांभाळत पुरा केला. उत्तराखाली त्यांनी फुली मारून ताळा घेतला होता. एकोणीसचा एक, पुन्हा एकोणीसचा एक, वर एक; आणि खाली सदतीस आकड्यांची बेरीज घटवत घटवत एक.